फक्कीचे माजघर

दस्तगीरभाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी जेवत होतो, आणि ती ऐकून मी उरलेली अर्धी भाकरी संपवली. वाचकहो, मला खोटे सांगता आले असते. घास हातातच राहिला, डोळ्यांपुढे अंधारी आली, असे लिहिण्याची रीत आहे आणि मला नाटकाची हौसही आहे. पण घास हातात राहिला नाही. रस्सा झणझणीत होता. बातमी आणणारा सुतार दारात उभा राहून "काल सांजच्याला गेलं बगा" असे सांगत होता आणि मी मान हलवत, "अरेरे" म्हणत, भाकरी कुस्करत होतो. मोरीवर मात्र हात धुतले ते पुन्हा पुन्हा धुतले, आणि आज पाच आठवडे झाले तरी ते स्वच्छ झाल्यासारखे वाटत नाहीत. आधी वाटले, हा शोक असावा. शोक नव्हता. किळस होती, आणि ती कुणाची, हे सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे.

दस्तगीरभाई म्हणजे घरांचे नकाशे काढणारे. मूळचे मलकापूरकडचे. तरुणपणी दरबारच्या बांधकाम कचेरीत बसून मोठमोठ्या इमारतींचे नकाशे मेणकापडावर गिरवायचे. पुढे नोकरी सोडून आमच्यासारख्यांची घरे मांडू लागले. उंच, काटकुळे, कानामागे पेन्सिल, काखेत पत्र्याचे नळकांडे आणि नळकांड्यात गुंडाळलेली कापडे. मी गुळाचा अडत्या. चार पैसे गाठीला आले, पेठेबाहेर जागा घेतली, आणि गुळाबरोबर माणसाला जो माज चढतो तो मलाही चढला. पहिल्या भेटीतच मी त्यांना सांगितले, "घराला मनोरा पाहिजे. नव्या राजवाड्याला आहे तसा."

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. "मनोऱ्यात कोन ऱ्हानार, अण्णासाहेब?"

"कोण राहणार? कबुतरं राहतील!"

"मग कबुतरांस्नीच धाडा की माझ्याकडं. त्येंच्यासंगं बोलून ठरवतो."

मनोरा तिथेच कोसळला. अशा माणसावर मी लगेच खूश होतो. माझी थट्टा करणाऱ्यांची मला फार भूक. पुढचे आठ-दहा दिवस ते नुसते आमच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसायचे. सकाळी इकडे, दुपारी तिकडे. मी विचारले, काम कधी सुरू करणार? म्हणाले, "कामच चाललंय. सावली कुटनं कुटं जाती ते बगाय नको?" मग एके दिवशी त्यांनी कापड उलगडून माझ्यापुढे नकाशा धरला. रेघाच रेघा. मी तो आडवा धरला, उभा धरला, शेवटी म्हणालो, "दस्तगीरभाई, घर वरून बघितल्यासारखं काढलंय तुम्ही. वरून आमच्या घराकडं कोण बघणार, घार?" ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी या म्हणाले.

गेलो, तर जागेवर सगळे घर पसरलेले. पांढऱ्या फक्कीने त्यांनी तो नकाशा जमिनीवर जशाच्या तसा, खऱ्या मापाने आखला होता. मी आनंदाने पुढे धावलो तर ओरडले, "पावनं! भित्तीतनं गेलासा!" मी मागे आलो. "दारातनं या की." मग मी दारातून आलो, चपला काढल्या, नसलेल्या उंबऱ्यावरून पाय उचलून टाकला, सोप्यात बसलेल्या नसलेल्या पाहुण्यांना रामराम केला, नसलेल्या जिन्यावर चार पायऱ्या चढल्याचे सोंग केले. त्यांनी रेघेवर उभे राहून खिडकी उघडली. मी पलीकडून डोकावून विचारले, "मालक हायत का घरात?" ते म्हणाले, "हायत, पर मनोऱ्यात बसल्यात." आम्ही दोघे चाळिशी उलटलेले गडी उन्हात लहान पोरांसारखे हसत होतो. शेजारच्या मळ्यातला माणूस मोट थांबवून आमच्याकडे बघत राहिला.

भूक लागली तेव्हा आम्ही फक्कीच्या माजघरात बसलो. त्यांनी आपली भाकरी सोडली, मी माझी. त्यांच्याकडे खर्डा होता, माझ्याकडे झुणका. मी त्यांचा खर्डा घेतला, त्यांनी माझा झुणका घेतला, आणि पाणी आम्ही एकाच तांब्यातून वरून प्यालो. उघड्या माळावर कसला विटाळ, कसले काय! मी इतका रंगात आलो की हात उंचावून जाहीर केले, "दस्तगीरभाई, हा शब्द हाय माझा. वैशाखात वास्तुशांती करायची, आणि तिला या माजघरात पहिलं पान तुमचं. इथंच. ह्याच जागी."

त्यांनी बोटांचा खर्डा पुसला. म्हणाले, "अण्णासाहेब, एक सांगून ठिवतो. कापडावर न्हाई ते घरात येत न्हाई." मला वाटले, मनोऱ्याबद्दल बोलत आहेत.

पाया खोदला, दगड आले, लाकूड मलकापूरच्या बाजूने गाड्यांवरून आले, आणि चुन्याची घाणी फिरू लागली. चुना मळताना त्यात गुळाचे पाणी घालतात हे वाचकांना ठाऊक असेल. घरचाच गूळ, म्हणून मी वखारीत मागे पडलेल्या, बुरा आलेल्या ढेपा गाडीत घालून पाठवल्या. काय तो वास! माशांचे ढग, काळा पाझर, बैलसुद्धा तोंड फिरवत होता. दस्तगीरभाईंनी त्यातला एक खडा उचलला, जिभेवर ठेवला आणि थुंकले.

मी म्हणालो, "अहो, माणसांनी थोडाच खायचाय? भिंतीनं खायचाय."

"मानूस बरा, अण्णासाहेब. मानसाला उलटी तरी हुती. भित्तीला वकायची सोय न्हाई. तिनं गिळलं की चार पिढ्या पोटात."

गाडी परत गेली, चांगला गूळ आला. हा किस्सा मी बाजारात शंभर वेळा सांगून हशा मिळवला आहे. बातमी आली त्या दिवशी मोरीपाशी तोच किस्सा मला आठवला आणि हसू आले नाही. भिंतीने काय गिळले आणि मी काय गिळले, हे आता माझे मलाच कळते.

कारण घर वर येऊ लागले तसे मी एक गोष्ट बघत होतो आणि बघत नसल्याचे दाखवत होतो. माळ होता तेव्हा दस्तगीरभाईंचा तांब्या कुठेही असायचा. माझ्या शिदोरीशेजारी असायचा. ज्या दिवशी जोते भरून झाले, घराची जमीन बाहेरच्या जमिनीहून तीन हात उंच झाली, त्या दिवशी त्यांनी स्वतःच तो तांब्या उचलून बाहेर बाभळीला टांगला. कुणी काही बोलले नव्हते. पुढे तहान लागली की ते जोते उतरून बाभळीपर्यंत जायचे, प्यायचे आणि परत चढून माझ्या देवघराच्या कोनाड्याची उंची मोजायचे. मी एकदाही म्हणालो नाही की, अहो, तो तांब्या इकडेच असू द्या. मला तर बरे वाटले. एक अवघड गोष्ट परस्पर मिटली, असे वाटले. नाव ठेवायला जागा राहू नये म्हणून सभ्य माणसे दुसऱ्याच्या समजूतदारपणावर कशी जगतात, याचा मी उत्तम नमुना होतो. महाराजांनी सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली तेव्हा सभेत पहिली टाळी माझी होती, बरे का!

वास्तुशांती वैशाखात झाली. आमची आक्का, माझी थोरली बहीण, घरची सारी सूत्रे तिच्याकडे. चार दिवस आधीपासून तिने घर डोक्यावर घेतले होते. भटजींनी कोपऱ्याकोपऱ्यात पाणी शिंपडून वास्तू शुद्ध केली. कशापासून शुद्ध केली? ज्या हातांनी एकेक दगड ओळंब्यात बसवून घेतला, त्या हातांपासून? हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. पुरणाचा वास सुटला होता. दुपारी पंगत बसायच्या वेळी दस्तगीरभाई आले. पांढरा स्वच्छ अंगरखा, नवा रुमाल, हातात आमच्यासाठी हुपरीची चांदीची लहानशी वाटी. पायरीपाशी चपला काढल्या. मी धावत दारात गेलो आणि दोन्ही हात पसरून मोठ्याने म्हणालो, "या, या, दस्तगीरभाई, या!" बघणाऱ्याला वाटले असेल, काय हे स्वागत! पण हात पसरून मी उभा होतो तो दाराच्या बरोब्बर मधोमध. स्वागत करत होतो आणि दार अडवत होतो. असा प्रवेश मी रंगभूमीवरही पाहिलेला नाही.

ते उंबऱ्याच्या बाहेर थांबले. माझ्याकडे पाहिले. मग मागे वळून सावलीकडे पाहिले आणि म्हणाले, "आत लई गर्दी हाय. हितं कट्ट्यावर बसतो की. वारं हाय."

"तुमची मर्जी!" मी म्हणालो. वाचकहो, 'तुमची मर्जी'! इतका ओशट शब्द मी आयुष्यात दुसरा उच्चारलेला नाही. वर त्यांच्या कानाशी लागून कुजबुजलो, "आक्काचं जुनं वळण... तेवढं समजून घ्या..."

"आक्कासाहेबांस्नी कशाला मधी आनता," ते हळूच म्हणाले. "आन् मी जेवलोय की माजघरात. इसरलासा? फक्कीच्या."

दाराच्या डाव्या हाताला एक दगडी कट्टा आहे. त्यावर त्यांचे पान मांडले. ते पोटभर जेवले, पुरणपोळीची तारीफ केली, आणि मी आतून तीनदा ओरडून विचारले, "दस्तगीरभाईंना तूप वाढलं का?"

त्यानंतरही ते यायचे. माझ्यावर राग धरला असता तर मला किती सोयीचे झाले असते! पण ते यायचे, कट्ट्यावर टेकायचे, घराकडे बघायचे. एका पावसाळ्यात माजघरात गळू लागले. मी त्यांना बोलावणे धाडले. ते आले आणि कट्ट्यावरूनच म्हणाले, "आत जावा. उजव्या हाताला तीन पावलं. हां. आता वर बगा. तुळईपासनं तिसरा वासा. त्येच्या अंगाला कौल सरकलंय का?" सरकले होते. घराचा मालक आत आंधळ्यासारखा चाचपडत होता आणि घर पाठ असलेला माणूस बाहेर बसून त्याला वाट दाखवत होता. "अहो, येऊन बघा तरी," असे म्हणायला जीभ उचलली होती. मग ओल्या फरशीवरून आक्का येताना दिसली आणि जीभ परत बसली.

ते वारल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांच्या पत्नीने पडद्याआडून पत्र्याचे ते नळकांडे बाहेर पाठवले. "तुमच्या घराचं हाय. त्येनी सांगून ठेवल्तं, दिऊन टाका म्हनून." घरी येऊन उघडले. आत दोन कापडे. पहिल्यावर मनोरा नसलेले माझे घर. हाच नकाशा त्यांनी फक्कीने आखला होता. दुसरे तसेच, रेघेला रेघ जुळणारे. फरक एवढाच की दुसऱ्यावर दाराच्या डाव्या हाताला एक छोटा चौकोन जास्त होता. कट्टा. पहिल्यावर तो नव्हता. फक्कीच्या घरातही नव्हता, मला पक्के आठवते, त्या बाजूने मी दोनदा भिंतीतून गेलो होतो. दुसऱ्या कापडाच्या कोपऱ्यात त्यांच्या बारीक अक्षरात तिथी होती. मी माजघरात हात उंचावून शब्द दिला, त्याच्या दुसऱ्या दिवसाची. आणि चौकोनाजवळ पेन्सिलीने लिहिले होते : 'वैशाखात दुपारी सावली.'

कापडावर न्हाई ते घरात येत न्हाई. माजघरातले ते पहिले पान कापडावर नव्हतेच.

मी ते आक्काला दाखवले. तिला नकाशा कळत नाही, पण मी सगळे सांगितले. दिलेला शब्दही सांगितला. तो तिला तोवर ठाऊकच नव्हता. ती निवडायचे सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मग आत का घेतला न्हाईस त्येला?"

"तुला चाललं नसतं."

"मला इचारलंस कवा?"

मी नकाशा गुंडाळू लागलो.

"इचारलं असतंस तर न्हाईच म्हटलं असतं मी," आक्का म्हणाली. "भांडले असते. तू पन भांडला असतास. मग काय झालं असतं कुनाला ठावं? पर इचारायचं की रं, अण्णा. इतकी वर्सं माझ्या पदराआड लपून बसलास, आन् मला पत्त्या न्हाई!"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझे ताट उचलले आणि कट्ट्यावर जाऊन बसलो. रस्त्याने जाणारे बघू लागले. मी खाली मान घालून, जड चेहऱ्याने घास घेतला. आतून आक्काचा आवाज आला, "नाटकं बंद कर आन् आत ये!" तिचे खरे होते. प्रायश्चित्ताचाही मी प्रयोगच लावला होता.

पण उठण्याआधी एक गोष्ट ध्यानात आली. कट्ट्यावर सावली होती, वारेही होते. त्यांनी सगळे मोजूनच ठेवले होते. एक माणूस मांडी घालून बसेल आणि त्याच्यापुढे एक पान मावेल, एवढाच तो रुंद आहे. मी सरकून पाहिले, कडेला रेलून पाहिले. दुसरा माणूस तिथे बसूच शकत नाही. वास्तुशांतीच्या दिवशी मी माझे पान घेऊन त्यांच्या शेजारी येणार नाही, हेही दस्तगीरभाईंनी आधीच मापात धरले होते.