एलेनाचं मौन आणि कडूबाई

एलेनाला औषधं आणि मौन सांगून दहा दिवस झाले तरी स्वरतंतूंची सूज जशीच्या तशी. मी तिच्या घशातून तपासणीचा स्कोप बाहेर काढला आणि वैतागून विचारलं, ‘‘नक्की गप्प बसता ना?’’

एलेनाने होकारार्थी मान हलवली. ती इटलीची, ऑपेरातली सोप्रानो. म्हणजे बायकांच्या आवाजातली सगळ्यात वरची पट्टी, आणि तीही माइकशिवाय अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल अशी. कोरसच्या मागच्या रांगेपासून ती मुख्य भूमिकांपर्यंत पोचली होती. मग आईच्या आजारपणात दोन वर्षं गाणं सुटलं. आता परत बोलावणं आलं होतं, दोन महिन्यांनी ऑडिशन. मधल्या वेळात वाळूजच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेल्या नवऱ्याकडे ती आली आणि खोकल्याने घसा बसला.

‘‘ही संधी गेली तर या वयात दुसरी मिळणार नाही,’’ तिने वहीत इंग्रजीत लिहिलं.

औषधं बरोबर होती. मग बिनसतंय कुठं? गारखेड्यातलं क्लिनिक बंद करून मी थेट तिच्या बजाजनगरच्या घरी गेले.

दारात चपलांचा ढीग. घरमालकीण कडूबाई उत्साहात म्हणाल्या, ‘‘या डॉक्टरबाई! लई माणसं येतेत बघायला. परदेशातली पोर, एकली कशी सोडावी?’’

पलंगाभोवती सात बायका. प्रत्येकीचा एकच प्रश्न, ‘‘आता कसं वाटतंय?’’ आणि एलेना प्रत्येकीला कुजबुजत सांगत होती, ‘‘बरंय, बरंय.’’ कडूबाईंनीच शिकवलेलं. भेटायला आलेल्यांना उत्तर न देणं तिला उद्धटपणाचं वाटत होतं.

मी कपाळावर हात मारला. कुजबुजतानाही सुजलेले तंतू ताणले जातात, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. चूक माझी.

‘‘कडूबाई, हिला एक शब्द बोलू द्यायचा नाही.’’

‘‘मग आल्यागेल्याला काय सांगावं?’’

‘‘तुम्हीच सांगा ना.’’

त्यांचा चेहरा खुलला. ‘‘व्हय, ते माझ्याकडं लागलं.’’

दुसऱ्या दिवसापासून कडूबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या आणि सगळ्यांना खबरबात देऊ लागल्या. आठवड्यात सूज उतरली. मग पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ बुडवून हळू सूर काढायचा व्यायाम, रोज थोडा थोडा. एके दिवशी क्लिनिकमध्ये तिने वरचा सूर लावला आणि बाहेर थांबलेले पेशंट उठून दाराशी आले. मला रडूच आलं.

ऑडिशननंतर तिने पहिला फोन कडूबाईंना केला. त्यांनी मलाही लाइनवर घेतलं.

‘‘कशी हायेस गं पोरी?’’

‘‘बरंय!’’ एवढ्या जोरात आलं की मी फोन कानापासून लांब धरला. भूमिका तिलाच मिळाली होती.

आता घरातलं सगळ्यात बोलकं माणूस सोबत आल्याशिवाय मी कुणाला मौन लिहून देत नाही.