तांबडा पंचा

आमच्या गोव्यातल्या हळर्णच्या घरात एक नियम होता. कोणी लांबच्या प्रवासाला निघालं की घरातल्या दुसऱ्याने अंगणात उभं राहायचं. जाणाऱ्याने वळणावरून तांबडा पंचा हलवायचा, मगच आपण आत यायचं.

नियम आजोबांचा. गोव्याची हद्द ओलांडून ते इंग्रजांच्या मराठा पलटणीत शिपाई झाले होते आणि पठाणांच्या सरहद्दीवर, वझिरिस्तानात राहून आले होते. तिथे खिंडीतून रसद जायची तेव्हा काही शिपाई आधी टेकड्या चढून पहारा धरत. खालची शेवटची तुकडी पुढे गेली की तांबडा बावटा हलवी आणि वरच्यांनी धावत खाली उतरायचं.

"चढताना कोण मारणा नाय," आजोबा सांगत. "उतरताना मारतत. बावटो दिसलो काय मागे बघूचा नाय. एकटो मागे रवलो तर बाकीच्यांका परत फिराचा लागता." त्यांच्यातला एक जण असाच रेंगाळला. त्याला आणायला गेलेले परत आले नाहीत. पठाण तहानलेल्या शत्रूलाही पाणी देई आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर गोळी झाडी, हेही ते त्याच आवाजात सांगत.

आई-वडील आधीच गेलेले. थोरला भाऊ आखातात गेला तेव्हा अंगणात मी उभा होतो. त्याने पंचा हलवला आणि तो दिसेनासा झाला. पुढे आजोबांनी अंथरूण धरलं. तुयेच्या कारखान्यातली पाळी संपवून घरी यायचं, त्यांना पुसून काढायचं, पेज भरवायची. बाहेर कोंकणी की मराठी यावरून वाद पेटले, गोव्याचं राज्य झालं. ते सगळं मी त्यांच्या खाटेजवळच्या जनेलातून, त्या एवढ्याशा खिडकीतून ऐकलं.

मग भावाने माझ्यासाठी व्हिसा मिळवला. शेजारची काकी आजोबांचं बघायला तयार झाली. निघायच्या सकाळी बस खाली उभी होती. मी पिशवी घेऊन अंगणात आलो आणि मागे बघितलं. आजोबा कसेबसे उठून जनेलाचा गज धरून होते. दुसऱ्या हातात तांबडा पंचा.

"दिसता मरे? उतार."

दिसत होता. बसने हॉर्न दिला. मी पिशवी खाली ठेवली.

आजोबांना सोडून जाववेना, असं मी लोकांना सांगतो. ते खरं आहे. पण परक्या मुलखाची भीती वाटत होती, आणि त्यांचं अंथरूण मला आयतं कारण मिळालं, हेही खरं आहे.

ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आता माका परत फिराचा लागला."

त्यानंतर ते बरीच वर्षं जगले. पेज भरवताना मधेच विचारायचे, "उतारलंस काय रे?" मी म्हणायचो, "होय आजोबा." मग ते तोंड उघडायचे.

ते गेले त्याच्या कितीतरी आधी व्हिसाची मुदत संपली होती. मी अजून तुयेलाच जातो. सकाळी घराला कुलूप लावून वळणापर्यंत जातो आणि सवयीने मागे बघतो. अंगणात कोणी नसतं.