पाऊण ॲरोमॅटिक असे काही नसते

फळ्यावर कार्बनच्या अणूंचे कडे काढायचे, मागे न वळता "ॲरोमॅटिक आहे का नाही?" असे विचारायचे, आणि चुकीचे उत्तर ज्या दिशेने आले त्या दिशेला डस्टर भिरकावायचा, ही आमच्या शेजारच्या मास्तरांची रीत. नेम चुकत नसे. सत्तरच्या दशकात सांगलीच्या एका कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवीत. मी तिथल्याच न्यायालयात वकिली करीत होतो. आमच्या घरांमध्ये भिंत एकच. रविवारी ते मुलांना घरी बोलावून फुकट शिकवीत आणि माझ्या अशिलांच्या कैफियतींत त्यांच्या आरोळ्या मिसळत. अशा मास्तरांचा मार तुमच्यापैकीही अनेकांनी खाल्ला असेल. तो योग्य होता असे मी म्हणणार नाही. मी त्यांना भारतीय दंडविधानाचे कलमही दाखवले होते. "लावा," एवढेच ते म्हणाले.

एका रविवारी त्यांनी आठ कोनांचे कडे काढले. कडेगावकडचा एक मुलगा म्हणाला, "सर, ह्ये बेंझिनवानीच हाय की. एकाआड एक दुहेरी बंध. ॲरोमॅटिक." डस्टर कपाळावर बसला.

"बेंझिनवानी दिसतंय म्हणून? डोळं फुटलं का रं?" ते मूळचे पाटणकडचे, संतापले की गावची बोली उसळे. "ॲरोमॅटिक म्हणायला चार कसोट्या! कडं बंद पायजे. सपाट पायजे. दुहेरी बंधांची साखळी कुठं तुटता कामा न्हाई. आन् साखळीतले इलेक्ट्रॉन दोन, सहा, दहा अशा हिशेबात पायजेत. ह्यात किती?"

"आठ."

"आन् सपाट हाय?"

"व्हय... न्हाई. म्हाईत न्हाई, सर."

"टबासारखं वाकतंय ते!"

"पर सर, बाकीच्या तरी—"

"एक गेली की सगळं गेलं. पाऊण ॲरोमॅटिक असं काही नसतं."

मग त्यांनीच त्या मुलाची जखम धुतली, हळद भरली आणि हळद भरताना पुन्हा शिव्या दिल्या.

त्या वर्षीच्या चाचणीत एका बड्या बागाईतदाराचा मुलगा याच प्रश्नावर नापास झाला. त्यामुळे त्याला विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येईना. बाप घरी आला. "आवं मास्तर, तीन कसोट्या तर बरोबर लिवल्यात पोरानं. करा की पास." भिंतीपलीकडून मी उत्तर ऐकले, ते वर लिहिलेलेच होते.

त्याच आठवड्यात कॉलेजमागच्या रस्त्यावर दोघांनी त्यांना गाठले. तोंडाला टॉवेल गुंडाळलेले. एकाने धरले, दुसऱ्याने त्यांचा उजवा हात मोरीच्या कठड्यावर ठेवून पहारीने ठेचला. मारताना तो हसत होता. मिरजेच्या डॉक्टरांनी हात वाचवला, पण बोटे पुन्हा मिटली नाहीत. पोलिसांनी "सायकलवरून पडले" अशी नोंद केली. मी वरपर्यंत इतके अर्ज धाडले की अखेर त्या नापास मुलाच्या पैलवान चुलतभावाला अटक करावीच लागली.

खटल्यात सरकारी वकिलांनी विचारले, "हाच तो इसम?"

त्यांनी आरोपीला नीट न्याहाळले. "उंची तीच. हा डावखुरा आहे, तोही होता. पाय ओढतो, तोही ओढत होता. पण तो हसत होता. ते हसणं ऐकल्याशिवाय मी सांगणार नाही."

"आरोपीला आम्ही हसवायचे काय?" मॅजिस्ट्रेट गरजले. सारे न्यायालय हसले. एकटा आरोपी तेवढा गंभीर होता. त्याच्या वकिलाने त्याला पढवून ठेवले असावे.

बाहेर मी त्यांच्या अंगावर ओरडलो, "हाच आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे!"

"मला वाटतं. वाटणं ही कसोटी नव्हे, वकीलसाहेब."

संशयाचा फायदा मिळून तो सुटला. न्यायालयाच्या आवारात तालमीतल्या पोरांनी त्याला खांद्यावर घेतले. खाली उतरताना त्याची नजर त्या लुळ्या हातावर गेली आणि तो खदाखदा हसला.

मास्तर जागीच थबकले. "हाच," ते म्हणाले. भिंतीच्या कामासाठी विटा रचल्या होत्या. त्यांतली एक डाव्या हातात घेऊन ते सरळ चालत गेले आणि त्याच्या तोंडावर घातली. दात पडले, रक्त माझ्या कोटावर उडाले. कोणी धरायच्या आत त्यांनी दुसऱ्यांदा घातली.

आता त्यांची खात्री पटली होती, पण कायद्याचे दार बंद झाले होते. निर्दोष सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नाही. खटला चालला तो मास्तरांवर. गंभीर प्रक्षोभाचा, म्हणजे डिवचल्यामुळे तोल गेल्याचा, बचाव मी रात्रंदिवस खपून रचला. त्यांनी मला उभेच राहू दिले नाही.

"मारलं," त्यांनी मॅजिस्ट्रेटना सांगितले. "शुद्धीत मारलं. गुन्हा कमी करून घेणार नाही."

दंड झाला, आणि शिक्षा झालेला माणूस म्हणून कॉलेजने त्यांना काढले. ज्याने हात ठेचला तो आजही कुस्त्यांना पंच म्हणून बसतो. मी विद्यापीठाला लिहिले, मंत्र्यांना लिहिले. अर्ज दप्तरी दाखल झाल्याची उत्तरे माझ्यापाशी आहेत. मी अजूनही लिहितो.

ते पाटणला निघाले तेव्हा स्टँडवर मी एकटाच होतो. खिडकीतून ते मला मुलांच्या राहिलेल्या धड्यांविषयी सांगत होते. तेवढ्यात कंडक्टरने सवयीने तिकीट त्यांच्या उजव्या हातात ठेवले. ते बोटांतून निसटले. शोधायला ते बाकाखाली वाकले आणि गाडी हलली. ती वळणाआड जाईपर्यंत त्या खिडकीत कोणीच दिसले नाही.