पुतण्याने घरोघर वाटलेले क्लिक

बाळांनो, आजीच्या साईटवरचे धडे ऐकू का येत नाहीत, असं तुम्ही विचारलंत. फोनवर सांगायला लागले की माझा आवाज चढतो आणि तुमचे बाबा विषय बदलतात. म्हणून लिहून पाठवते. राग अजून गेलेला नाही. लिहिताना तो लपवणारही नाही.

वडवणीच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत असे. दसरा झाला की वर्ग अर्धा रिकामा व्हायचा. ऊसतोडीला जाणारे आईबाप मुलांना बरोबर न्यायचे. ती उन्हाळ्यात परत यायची, तोवर पुस्तक संपलेलं असायचं. निवृत्त झाल्यावर साईट काढली ती या मुलांसाठी. दहावीचा प्रत्येक धडा मराठीतून समजावलेला आणि खाली माझ्या आवाजात वाचलेला. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत बसून बापाच्या फोनवर ऐकता यावा, एवढीच अपेक्षा. आवाजाच्या फायली जड असतात, त्या ठेवायला इंटरनेटवर जागा भाड्याने घ्यावी लागते. ते भाडं साईटवरच्या जाहिरातींतून सुटायचं. मुलांकडून फी घ्यायची नाही आणि तुमच्या बाबांकडे हात पसरायचा नाही, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

चूक केली ती अशी की जाहिरातींवर क्लिक झाला की थोडे पैसे मिळतात, हे मी माझ्या पुतण्याला सांगितलं. पुतण्या कार्यकर्ता. मतदानाच्या दिवशी कुठल्या घरातून कोण बाहेर पडलं नाही, हे त्याला यादी न बघता सांगता येतं. त्याने माझं बोलणं ऐकून घेतलं, मान हलवली आणि गेला.

रोज सकाळी साईटचे आकडे बघून वहीत लिहायची माझी सवय. जाहिरातींवर दिवसाला दहा-पंधरा क्लिक असायचे. त्या मंगळवारी तो आकडा एकदम उड्या मारायला लागला. सगळे क्लिक वडवणीतून. माणसं जाहिरात उघडून दोन सेकंदांत परत फिरत होती, धडा कुणीच वाचत नव्हतं. अशा वेळी साईटवाल्याने त्याच तासाला जाहिराती उतरवायच्या असतात आणि आपणहून कंपनीला कळवायचं असतं. मी काय केलं? मला बरं वाटलं! गावाला माझं काम आवडायला लागलं, असं मी वहीत लिहिलं. ते पान अजून आहे. बघितलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गुरुवारी जाहिरात कंपनीचं पत्र आलं. क्लिक खोटे आहेत, खातं बंद केलं आहे, एकदाच दाद मागता येईल.

त्याच दुपारी पुतण्या बायकोला घेऊन आला. चेहऱ्यावर निवडणूक जिंकल्यासारखं तेज.

"काकू, आकडा बघितला का? गल्लीला एक पोरगा लावलाय. घरटी दहा क्लिक, रोजचे. लई शिस्तीत."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"सांगायला कशाला पायजे? आपल्या घरचं काम हाय."

"खातं बंद झालंय."

तो म्हणाला, "मंग हिच्या नावानं दुसरं काढू. आधार कार्ड हाय की."

"म्हणजे एक लबाडी झाकायला दुसरी? आणि पैसे कुणाचे जात होते, ठाऊक आहे?"

"कंपनीचे. त्यांना काय कमी हाय?"

"कंपनीचे नाहीत रे! ज्याची जाहिरात असते, त्याच्या खिशातून जातात."

ही पुतसून ब्लाऊज शिवते. नक्षीकाम सुरेख. जिल्ह्यातल्या बायकांना दिसावी म्हणून तिने त्याच कंपनीकडे स्वतःची जाहिरात दिली होती. ती आतापर्यंत दारात उभी होती, ती पुढे आली.

"काकू, मंगळवारपासून माझी जाहिरात दुपारच्या आत बंद पडायलीय. दिवसाचे पैसे संपले म्हणतंय. ऑर्डर एक बी न्हाई. तुमच्या साईटवर दिसायची का ती?"

कंपनीने माझ्याकडच्या जाहिराती अजून पुरत्या उतरवल्या नव्हत्या. आम्ही तिघांनी वाकून बघितलं. चौथ्या धड्याखाली तिचाच हिरवा ब्लाऊज होता.

"मला काय म्हाईत तुझी हाय ते!" पुतण्या म्हणाला. "पोरांना म्हणलं, दिसंल ती दाबा."

"वा! मतं गोळा करायला गेलते, अन् घरच्याच उमेदवाराचं डिपॉझिट घालवून आले," पुतसून त्याला म्हणाली.

मी दाद मागायचं पत्र लिहायला घेतलं, तर हा पाठीशी उभा राहून सांगतोय, "विरोधकांनी केलं म्हणून लिवा."

"धड्यांच्या साईटला कुठले विरोधक?"

"असत्यात, काकू. सगळ्यांना असत्यात."

त्याला बाहेर काढलं आणि जे घडलं ते लिहिलं. लिहिताना साईट पुन्हा नीट तपासली तेव्हा माझंही पाप सापडलं. 'पुढचा धडा' या बटणाला खेटून मी एक जाहिरात लावली होती. तिथे लावली की क्लिक वाढतात, असं कुठेतरी वाचलं होतं. छोट्या फोनवर मुलांचं बोट बटणाऐवजी जाहिरातीवर पडत होतं, आणि मी ते क्लिक महिनोन्‌महिने समाधानाने वहीत उतरवत होते. मग पुतण्यात आणि माझ्यात फरक तो काय? त्याने लोकांना सांगून दाबायला लावलं, मी न सांगता. तेही पत्रात लिहिलं.

उत्तर दोन ओळींचं आलं. निर्णय अंतिम आहे. खाली माणसाचं नाव नाही, नंबर नाही. वर्गातल्या सगळ्यात उनाड मुलालाही मी काय चुकलं ते समोर बसवून सांगत असे. इथे भांडायलासुद्धा कुणी नाही.

भाड्याची मुदत संपली आणि आवाजाच्या फायली मी स्वतःच्या हाताने उतरवल्या. आठवड्याभरात एका मुलीने धड्याखाली लिहिलं, "बाई, आवाज कावून येत न्हाई?" ती साखर कारखान्याजवळच्या ऊसतोड्यांच्या तळावरून लिहीत होती.

मार्ग काढला तो पुतसुनेने. म्हणाली, "क्लिकचं नकोच काकू. भिंत रंगवतात तसं करा. महिन्याचं भाडं ठरवा, माझी जाहिरात लावा. कुणी दाबो न दाबो, भाडं तेवढंच." आकडा फुगवून कुणालाच काही मिळणार नाही, अशी ती व्यवस्था. मला पटली. बटणापासून लांब, वर कोपऱ्यात तिचा हिरवा ब्लाऊज लावला. तिच्या भाड्यात अर्ध्या धड्यांचा आवाज परत आला. दिवाळी ते होळी या काळात शाळेत जे शिकवतात, ते धडे मी आधी चढवले.

परवा पुतण्या आला. त्याच्या पक्षाच्या साहेबांचा वाढदिवस आहे, शुभेच्छांचा फ्लेक्स साईटवर लावू म्हणाला, भाडं दुप्पट देतो. हात जोडलेले बारा चेहरे आणि त्यांच्यामध्ये हा! मुलं तिथे इंग्रजी शिकायला येतात, एवढंच मी म्हणाले आणि दार लावून घेतलं. उरलेले धडे अजून मुकेच आहेत. ते बोलायला लागेपर्यंत त्याला या घरात चहा मिळणार नाही.