दामले सर त्या दिवशी नव्हते

खंडेनवमीला आमच्या ऑफिसात सर्व्हरला हार घालायचे, तेव्हा मी बाहेर टपरीवर चहा पीत उभा असायचो. करणी, शाप, भूतबाधा — असलं काही मी मानत नाही. आजही नाही. तरी लिहितोय, कारण ओळखीत सांगितलं तर लोक हसतात.

हडपसरच्या पलीकडे एक खासगी विद्यापीठ आहे, नाव सांगत नाही. आयटीची हवा जोरात होती त्या काळात मी तिथे परीक्षा विभागाचं सॉफ्टवेअर सांभाळायचो. वडील मार्केट यार्डात हमाल. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी... गाळ्यावर भेटेल त्याला वडील सांगायचे, "आपलं पोरगं कॉम्प्युटरला हाय."

दामले सर आमचे सिस्टीम हेड. निकालाच्या आदल्या दिवशी ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. ग्रेस मार्कांच्या नियमात बदल हवा होता, ताबडतोब.

"सर, आधी टेस्ट सर्व्हरवर चालवून बघतो. बॅकअपपण झालेला नाही."

"अहो, आपण काय रॉकेट सोडतोय का? लाइव्हवरच करा. मी आहे ना!"

केलं. दुसऱ्या दिवशी निकाल लागला, तर परीक्षा दिलेली शेकडो मुलं गैरहजर!

चौकशीत दामले सर शांतपणे म्हणाले, "मी त्या दिवशी रजेवर होतो." रजेचा अर्जही तयार, सहीसकट. मला सभागृहात पालकांसमोर हात जोडून माफी मागायला लावली. आमच्या आळीतली दोन मुलं तिथेच शिकत होती, त्यामुळे मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली. वडिलांनी गाळ्यावर माझा विषय काढणं सोडलं.

दामले सरांना मी जिन्यात गाठलं. शिवी दिली नाही. एवढंच म्हणालो, "नव्हता ना तुम्ही? मग नकाच असू."

"वा," ते हसले. "घरी आरशासमोर म्हणून बघा, अजून जमेल."

त्याच आठवड्यात अंगठ्याच्या मशीनने त्यांना गैरहजर दाखवलं. मशीन बदललं. अंगठा पुन्हा नोंदवला. कार्ड दिलं... तरी गैरहजर. तुम्ही म्हणाल, यानेच काहीतरी केलं असणार. पण माझा पासवर्ड काढून घेऊन मला हेल्पडेस्कवर टाकलं होतं. माझ्या जागी आलेली कविता एकदा घाबरून खाली आली.

"अरे, त्यांची हजेरी पडते आणि माझ्या डोळ्यांदेखत पुसली जाते!"

"कोण पुसतंय?"

"कोणीच नाही. लॉग कोरा आहे."

मशीनचं एक वेळ ठीक आहे. सॉफ्टवेअर म्हटलं की काहीही होऊ शकतं, मी दहा कारणं सांगेन. पण मग शिपाई सगळ्यांना चहा देऊन दामले सरांचा कप परत न्यायला लागला. "साहेब कुठं आलेत?" म्हणायचा — त्यांच्यासमोर उभं राहून! माणसाच्या डोळ्यांत कोणी कोड टाकतं का?

शेवटची गोष्ट महिन्याच्या मीटिंगमधली. हेल्पडेस्कच्या तक्रारी वाचायला मलाही बोलावलं होतं. चेअरमन साहेबांनी टेबलभर नजर फिरवली.

"दामले आजपण नाहीत?"

दामले सर त्यांच्या अगदी समोर बसले होते. निळा टाय, पुढ्यात फाइल. "सर... सर, मी इथेच आहे!" मला स्वच्छ ऐकू आलं. एकही मान वळली नाही. कविताचीसुद्धा.

चेअरमन माझ्याकडे वळले. "तुम्ही त्यांच्या हाताखाली होता. पाहिलंत का त्यांना?"

दामले सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं की मला दिसतंय. त्यांनी हात जोडले... मी सभागृहात जोडले होते ना, तसेच.

मी उठून उभा राहिलो.

"नाही सर. रजेवर असतील."

त्यानंतर त्यांची खुर्ची रिकामीच राहिली. राजीनामा आला म्हणे. मी पाहिला नाही. सगळ्यांमध्ये ते मला एकट्यालाच का दिसत होते, हे मला अजून उलगडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर सांगा.

मी तसं उत्तर का दिलं, हे मात्र विचारू नका. ते मला पक्कं माहीत आहे. आणि पुन्हा विचारलं, तरी तेच देईन.