सात साखरपुडे आणि एक कुलूप

आमच्या बैठकीचे किस्से काढले की नातवंडं ओरडतात, "आज्जी, हे परवाच सांगितलंस!" सांगितलं असेल! एक सांगितला की मागं दुसरा उभाच राहतो, त्याला मी काय करू?

बैठक म्हणजे आत्ताचा गावाचा हॉल. नायगावाकडं जाताना लागतो ना, तोच. निजामाच्या अमदानीत सभा घ्यायला परवानगी लागायची, अन् ती मिळायची न्हाई. माझ्या वडिलांनी, नानांनी, अर्जात लिहिलं, 'लग्नकार्यासाठी जागा'. मंजुरी आली की! घरटी एकेक माणूस दगड वाहायला आला. भिंतीवर थाप मारून नाना म्हणाले, "आता बघू कोण आडवतंय!"

*

पण सभा घ्यायची तर आत लग्नकार्य दिसायला पाहिजे. गावात लग्नाजोगी पोरगी मी. म्हणून दर सभेला माझा साखरपुडा!

मी हिरवं लुगडं नेसून पाटावर. शाळेतले तरणे गोविंद मास्तर बाहेरगावाहून लपवून आणलेलं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे. दाराशी फौजदाराच्या घोड्याच्या टापा वाजल्या की तेच मास्तर त्याच आवाजात मंगलाष्टकं सुरू करायचे. साखरपुड्याला मंगलाष्टकं! घाबरल्यावर कुणाला सुचतंय?

*

चौथ्या वेळेला फौजदारानं, त्याला आम्ही अमीनसाहेब म्हणायचो, नानांना धरलंच. "इस छोकरी की कित्ते बार मंगनी करते जी?"

नानांनी हात जोडले. "काय सांगावं साहेब, पोरगी लई तापट. पोरं नकार देऊन राहिलीत!"

अमीननं माझ्याकडं बघितलं. मी असे डोळे वटारले, की हातातला पेढा तसाच ठेवून गडी घोड्यावर बसला!

*

आई मात्र रडायची. "हिला आता खरं स्थळ कोण देईल?" गावोगाव बोभाटा झालाच होता. मलाबी वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण सभा बंद करा असं मी एकदाबी म्हणले न्हाई.

*

सातव्या साखरपुड्याला मास्तर वाचण्यात इतके रंगले, की टापा ऐकूच आल्या न्हाईत. हातात वर्तमानपत्र अन् समोर अमीन! मास्तरांना बेड्या पडल्या. दारातनं मागं वळून ते मला म्हणाले, "राहिलेलं तुम्ही वाचा."

दुसरं पान माझ्या पदराखाली होतं. घोडा वळणाआड गेला तसं मी वाचायला लागले. जन्मात पहिल्यांदा चारचौघांत! उठून एकजणबी गेला न्हाई.

*

आठ दिवसांनी अमीन कुलूप घेऊन आला. बैठक कायमची बंद करायची! सगळं गाव बाहेर उभं. आत पाटावर मी एकटी, अंगभर हळद लावून. ती हळद त्या सकाळी आईनं स्वतःच्या हातानं लावली होती.

"बाहर निकलो!"

नाना आडवे आले. "साहेब, हळद लागलेली नवरी लग्न लागल्याबिगर मांडवाबाहेर पाऊल टाकत न्हाई. आमची रीत हाय."

अमीननं शिपायाकडं बघितलं. शिपाई इकडचाच. मान खाली घालून म्हणाला, "सच है हुजूर. हात लगाना भी पाप है."

"तो शादी कब है?"

मी पाटावरनं उठले अन् सरळ अमीनच्या डोळ्यांत बघितलं.

"नवरदेव तुमच्याच जेलात हाय. सोडा त्याला, आजच लावते लग्न!"