लाईव्ह तुटलं आणि आबा दिसले

मंडळी, घरी येताच हे लिहिते.

लग्नकार्यं लाईव्ह दाखवणं हा माझा धंदा. आज आंदर मावळात एका आबांचं पुण्यानुमोदन, म्हणजे बौद्ध पद्धतीचा मृत्यूनंतरचा विधी, होतं. मुलगी परदेशात, तिला येणं जमलं नाही, म्हणून मला बोलावलेलं. तिकडे नेटवर्कचा भरवसा नाही. दोन सिमं, पॉवर बँक, सगळी तयारी होती.

बुद्धवंदना सुरू झाली आणि नेट गेलं. सिम बदललं. नेट परत आल्यावर कॉमेंट वाचल्या.

"आबा खुर्चीत बसलेत." "आबा हसले."

मी मान वर केली. खुर्चीत हार घातलेला फोटोच होता.

मग डोक्यात प्रकाश पडला. नेट गेलं की लोकांना कोरा पडदा दिसू नये म्हणून मी एक क्लिप ऑनलाइन चढवून ठेवते, ती आपोआप सुरू होते. आबांच्या नातीच्या लग्नाआधी याच अंगणात कॅमेरा तपासताना त्यांना खुर्चीत बसवून चित्रण केलं होतं. तीच क्लिप तेव्हापासून चढवलेली, बदलायची राहिली. त्यात आबा कॅमेऱ्यात बघून विचारतात, "पोरी, दिसतोय का मी?"

खाली मुलीची कॉमेंट होती, "दिसताय आबा. बोला."

आबांच्या बायकोला सगळं सांगितलं, माफी मागितली. म्हटलं, मावशी, क्लिप पुसून टाकते.

"नगं पुसू," त्या म्हणाल्या. मग खुर्चीकडे बघत राहिल्या. "पर आमी तर हितंच बसलेलो. आमाला कसं न्हाई दिसले?"

तुम्ही काय सांगितलं असतं?